ओटी भरणारी बाई

शैला, काल तुझं तेरावं झालं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून तेरा दिवस मी तोंड मिटून बसले होते. तुझ्या अंगणात खुर्च्या टाकून बसलेली माणसं तुला देवमाणूस म्हणत होती आणि मी आपली मान हलवत होते. आता मांडव उतरला, आचाऱ्याची पातेली गेली, तुझे यजमान अण्णा आत जाऊन पडलेत. आता मी बोलणार आणि तू ऐकायचं. मध्ये तोंड घालायची सोय तुला राहिलेली नाही. बावीस वर्षांच्या शेजारात ही पहिलीच वेळ.

तू देवमाणूस नव्हतीस. चौकस होतीस, चोंबडी होतीस, आणि तुझ्या तोंडात तीळ भिजत नव्हता. पुढच्या खोलीतल्या तुझ्या फॉल-पिकोच्या मशीनपाशी साडी टाकायला आलेली बाई अर्धा तास बसली नाही असं कधी झालं नाही, आणि उठताना ती आपल्या घरातलं काहीतरी तिथे ठेवूनच उठायची. सकाळी पेपर आला की तू आधी गुन्ह्यांचं पान काढायचीस. कुर्डुवाडीत कुणी कुणाला मारलं की सुई वर धरून दोन मिनिटं विचार करायचीस आणि मग तुला आठवायचं की मारणाऱ्याच्या भावजयीने तुझ्याकडे दोन साड्या फॉलला टाकल्या होत्या. कुंभारीच्या घरफोडीत सापडलेला एक जण तुझ्या भाच्याच्या वर्गात होता. अक्कलकोटच्या विषप्रयोगातली सासू तुला एकदा एस.टी.त भेटली होती, आणि तिने म्हणे तुला खिडकीची जागा दिली नव्हती. "तवाच मी वळकलं की, ही बाई बरी न्हाय," असं तू मला कितीदा ऐकवलंस. खून कुठेही होवो, तुझं त्याच्याशी लांबचं का होईना, नातं निघायचंच.

मीही काही कमी नव्हते, हे कबूल करते. शाळेच्या ऑफिसातून आले की चहा घेऊन तुझ्याकडेच यायचे. तू मशीन चालवायचीस, मी साड्यांच्या घड्या घालायचे, आणि दोघींच्या मध्ये तुझा फोन मशीनला टेकवून उभा असायचा. त्यातला तो चॅनेलवाला घोगऱ्या आवाजात सांगायचा की त्या दुपारी त्या घराचं दार आतून बंद होतं, आणि मागून ढोल वाजायचा. आपण शेंगदाणे खात ते ऐकायचो. दुसऱ्याच्या घरातला खून चहाबरोबर छान लागतो, शैला. आपण दोघींनी तो वर्षानुवर्षं खाल्ला.

मग एक दिवस ढोल माझ्या घरासाठी वाजला.

तुला सगळं माहीत आहे, तरी मी पुन्हा सांगणार आहे. कारण कॅमेऱ्यासमोर बसून ते सांगताना तू दोन ठिकाणी चुकलीस, आणि चुका काढणं हे शाळेत तीस वर्षं माझं कामच होतं.

आमचं घर नातेपुत्याचं. दत्तादादा माझा थोरला भाऊ आणि सुमनवहिनी त्याची बायको. मी लग्न होऊन नुकतीच सोलापुरात आले होते. भाड्याच्या दोन खोल्या होत्या. आमचे हे तेव्हा कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात होते, शनिवारी घरी यायचे. एका मंगळवारी दुपारी दार वाजलं म्हणून उघडलं तर वहिनी. एकटी. हातात कापडी पिशवी. चार वर्षांच्या मुलीला, अर्चनाला, शेजारणीकडे ठेवून ती निघून आली होती. पाणी प्यायला तिने हात वर केला तेव्हा दंडावरचं काळंनिळं मला दिसलं. मला दिसलं हे तिलाही दिसलं. ती म्हणाली, "वन्सं, चार दिस ऱ्हाऊ द्या मला हितं. मग भावाकडं सांगावा धाडते."

मी हो म्हटलं. त्या दिवशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आला. हातात डझनभर केळी, तोंडभर हसू. भांड्याला भांडं लागतंच, म्हणाला. चहा प्यायला, माझ्या घराचं कौतुक केलं आणि तिला म्हणाला, चल. वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी ट्रंकेकडे बघितलं. नवरा न्यायला आलेल्या बाईला ठेवून घ्यायचं नसतं, आणि सवाष्ण घरातून रिकामी पाठवायची नसते, या दोन गोष्टी आईने मला शिकवल्या होत्या. पहिलीबद्दल मला काही करता येईना म्हणून मी दुसरी केली. ट्रंकेतून माझ्या लग्नातला हिरवा इरकली खण काढला, नारळ घेतला, तांदूळ घेतले, तिला पाटावर बसवलं. पदर पसर म्हटलं, तिने पसरला. कुंकू लावून मी तिला त्याच्याबरोबर पाठवून दिली.

शनिवारी घरमालकांच्या फोनवर निरोप आला. पुढचं मी सांगणार नाही. ज्याला हौस असेल त्याने त्या चॅनेलवाल्याकडे ऐकावं, तो ते चवीने सांगतो.

कोर्टात दादा म्हणाला की बायको एक रात्र घरातून पळाली होती, कुणाकडे ते त्याला ठाऊक नाही, आणि शनिवारी पुन्हा पिशवी भरून निघाली होती. त्या पिशवीत कुणा परक्याने दिलेला नवा खण आणि नारळ बघून म्हणे त्याचं डोकं फिरलं; ती ओटी मी त्याच्या डोळ्यांदेखत भरली होती. खण आणि नारळ पंचनाम्यात होतेच. सरकारी वकील म्हणाले, ही तर साधी ओटी दिसते. त्यावर दादाचा वकील उठला आणि म्हणाला, ओटी असेल तर भरणारी बाई कुठे आहे? माहेरच्यांनी भरली नाही, सासरच्यांनी भरली नाही. असेल कुणी बाई तर तिने पुढे यावं.

ती बाई तिसऱ्या बाकावर आईशेजारी बसली होती. येताना एस.टी.त आई तिला म्हणाली होती, "गेली ती गेली. हाय त्याला तरी वाचीव." ती बाई उठली नाही. दादाला शिक्षा कमी झाली, तो सुटून आला, काही वर्षं जगला आणि मेला. अर्चनाला तिचा मामा घेऊन गेला. आणि सुमनवहिनी पंचक्रोशीत कायमची पळून जाणारी बाई झाली.

त्यानंतर मी कुणाची ओटी भरली नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तिळगूळ द्यायचे, वाण द्यायचे, पण ओटीचं ताट दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यायचे. शाळेतल्या बायकांना वाटायचं मी सुधारक आहे. एकदा मुख्याध्यापिकाबाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुकही केलं, आणि मी ते घेतलं. तूच एकटी अशी निघालीस की मला कोपऱ्यात घेऊन विचारलंस, "सुनंदा, तू वटी का भरत न्हाईस गं? सुधारक-बिधारक मला सांगू नकोस. वडाला फेऱ्या मारताना बघितलंय मी तुला."

त्या दिवशी तुझ्या मशीनपाशी बसून मी तुला सांगितलं. तू मशीन बंद केलंस. ते आपणहून बंद केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मी तुला गळ्याची शपथ घ्यायला लावली आणि तू घेतलीस. चार वर्षं ती पाळलीसही. म्हणूनच मला जास्त राग येतो. तुझ्याच्याने पाळवतच नसती तर मी समजून घेतलं असतं.

मग त्या चॅनेलवर नातेपुत्याची गोष्ट आली. तू फोन घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आलीस. मी कणीक मळत होते. नावं बदलली होती, पण गाव तेच होतं, पिशवी तीच होती. चॅनेलवाला विचारत होता की तो हिरवा खण तिला कुणी दिला? कोण होता तो? आणि ढोल. खाली लोकांनी लिहिलेलं तू मला वाचून दाखवलंस. माळशिरसचा कुणी म्हणत होता, आमच्या मावशीच्या शेजारीच राहायची ती बाई, चालच तशी होती. कुणी म्हणत होता, माझ्या आजोबांनी त्या माणसाला डोळ्यांनी पाहिलं होतं. जो माणूस कधी नव्हताच, त्याला पाहिलेले सात जण त्या पानावर होते. तुझ्यासारखेच, शैला. जो तो आपला धागा जोडत होता.

तू म्हणालीस, "तू सांग की."

मी म्हटलं, सगळे मेलेत. कुणाला सांगू?

तू म्हणालीस, "पोरगी हाय की जिती. ती बगत आसंल हे."

मी तुला घरातून जायला सांगितलं. तू गेलीस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आलीस. दोन महिने तू रोज तेच बोललीस. भाजीवाल्यासमोर डोळ्यांनी, अण्णांसमोर खाकरून, गच्चीवर वाळवण घालताना मोठ्याने. माझं म्हणणं साधं होतं. तीस वर्षांनी बोलून वहिनी परत येणार नाही, माझा मुलगा पुण्यात संसार करतोय, त्याला कशाला? ह्यांना सुद्धा ती रात्र माहीत नव्हती. तुझं म्हणणं त्याहून साधं होतं. मेलेल्या बाईची बदनामी चाललीय आणि ती थांबवणारी बाई इथे बसून लसूण सोलतेय. मी म्हटलं, हे तुला कोण सांगतंय, वहिनीबद्दलची दया की तुझी हौस? त्यावर तू पहिल्यांदा चिडलीस.

आणि मग तू गेलीस. चॅनेलवाल्याला फोन केलास, त्याला घरी बोलावलंस, जांभळी इरकल नेसलीस. तोंडाला पावडर लावलीस. हे मी विसरणार नाही. खरं सांगायला जायचं होतं तर पावडर कशाला, शैला? तुझ्या त्याच मशीनपाशी, जिथे मी बोलले होते तिथेच बसून तू सांगितलंस की तो खण कुणा याराने दिलेला नव्हता, तिच्या नणंदेने भरलेल्या ओटीतला होता. माझं नाव घेतलं नाहीस, ठीक. पण कॉलनीत नातेपुत्याची माहेरवाशीण मी एकटी आहे, हे तुझ्याकडे फॉल टाकणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं.

तू दोन ठिकाणी चुकलीस म्हटलं ना, त्या चुका आता सांगते.

तू म्हणालीस, ती बिचारी रात्रभर रडत होती. खोटं. हे मी तुला सांगितलं नव्हतं, ते तू पदरचं घातलंस, कारण रडणारी बाई ऐकायला बरी वाटते. सुमनवहिनी माझ्याकडे रडली नाही. ती हसली होती. सोलापुरात येऊन मी नुकतीच कडक भाकरी करायला शिकले होते. ती तिने हातात घेऊन वाजवली आणि म्हणाली, "वन्सं, ही खायाची का दाराला लावायची?" आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो. माझ्या आठवणीत तिचा तोच शेवटचा चेहरा आहे, आणि तू जगाला रडका चेहरा दाखवलास.

दुसरी चूक. तू म्हणालीस, नणंदेला बिचारीला काय ठाऊक पुढे काय होणार ते. शैला, मला ठाऊक होतं. मी दंड बघितला होता आणि तुला तेही सांगितलं होतं. चार वर्षं जपलेली माझी गोष्ट तू लोकांसमोर उघडी केलीस, आणि नेमकं तेवढं झाकलंस. माझ्यासाठी खोटं बोललीस. शपथ मोडलीस त्यापेक्षा हे मला जास्त लागलं, आणि का लागलं ते मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तोवर मी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं.

त्या रात्री ह्यांनी जेवताना ताटात बघतच विचारलं, "ती आपल्याकडे आली होती?" मी हो म्हटलं. त्यांनी अर्धी भाकरी तशीच ठेवली आणि हात धुतला. मुलाचा फोन आला, त्याने फक्त तब्येत विचारली. कॉलनीतल्या बायका मात्र बोलल्या. आता आमच्या घराशी सगळ्यांचाच धागा होता.

दीड वर्ष मी तुझं तोंड पाहिलं नाही. तुझा कढीपत्ता कंपाउंडवरून माझ्या अंगणात आला होता, मी बाजारातून विकत आणायला लागले. तू गेटपाशी दिसलीस की मी घातलेली चप्पल काढून आत जायचे. सकाळी तू मुद्दाम मोठ्याने पेपर वाचायचीस, मला ऐकू यावा म्हणून, आणि मी मिक्सर लावायचे. एकदा अण्णांच्या हाती तू शेंगापोळ्यांची थाळी झाकून पाठवलीस. मी पोळ्या कामवालीला दिल्या, थाळी घासली आणि रिकामी परत पाठवली. चिमूटभर साखरसुद्धा ठेवली नाही. अण्णा ती रिकामी थाळी हातात धरून माझ्या दारात क्षणभर उभे राहिले, मग गेले. तुला ते किती लागेल हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच केलं.

मग तू आजारी पडलीस. दवाखान्यात होतीस तेव्हा कॉलनीतून रोज कुणी ना कुणी जाऊन येत होतं. मी गेले नाही. ह्यांनी दोनदा रिक्षा बोलावली आणि मी दोनदा परत पाठवली. वाटलं होतं, तू येशील घरी, आणि कंपाउंडवरून काहीतरी टोमणा मारशील, आणि मी मिक्सर लावीन. तू मरशील असं मला वाटलंच नव्हतं. असल्या बायका मरत नाहीत असा माझा समज होता. यालाही मी तुझीच चूक धरते.

तुला घरी आणलं तेव्हा मी गेटपाशी उभी होते, आत नव्हते. बायकांनी तुला हिरवी साडी नेसवली होती, कपाळभर कुंकू लावलं होतं. शेवटची ओटी भरायची वेळ आली तेव्हा अण्णा उठून बाहेर आले. त्यांच्या हातात हिरव्या खणाची घडी होती. मला म्हणाले, "वहिनी, खण तिनंच काढून ठेवलाय. भरली तर सुनंदाच भरंल, न्हाय तर भरू नका, म्हणून सांगून गेलीय."

बघ, ही तू. मेल्यावरसुद्धा दुसऱ्याच्या घरातलं काम आपल्या हाताने लावून गेलीस. चाळीस बायका माझ्याकडे बघत होत्या. नाही म्हटलं असतं तर सवाष्ण रिकामी गेली असती, आणि तुला माहीत होतं की तेवढं मी करणार नाही. मी आत आले. तुझ्या अंगावरचा पदर कुणीतरी पसरून दिला. निम्मे तांदूळ मी सतरंजीवर सांडले. एकतीस वर्षांनी मी ओटी भरत होते आणि तेही भांडण चालू असलेल्या बाईची. मला रडू आलं, ते रागाचं होतं. बायकांना काय वाटायचं ते वाटो.

आता काल. जेवणावळ उठली, मी घरी आले. तीन-सव्वातीनला बेल वाजली. ह्यांनी दार उघडलं. एक बाई, पस्तिशीची, साधी सुती साडी, खांद्याला पर्स, हातात हिरव्या बांगड्या. तिला मी ओळखत होते. म्हणजे पाहिलं होतं. गेलं वर्षभर महिन्या-दोन महिन्यांनी ती साडीची पिशवी घेऊन तुझ्या गेटातून आत जायची आणि तासाभराने निघायची. मला वाटायचं गिऱ्हाईक असेल. ती दारातच म्हणाली, "आत्या, मी अर्चना."

शैला, वर्षभर. ज्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, तिने माझी भाची भिंतीपलीकडे वर्षभर बसवून ठेवली आणि कॉलनीत एका बाईला कळू दिलं नाही. तुझी ती पावडर लावलेली मुलाखत बघून तिने तुला शोधून काढलं होतं. ती अकलूजला नर्स आहे, तिला दोन मुलं आहेत, हे तुला माहीत होतं आणि मला नाही. मी विचारलं, मग माझ्याकडे का आली नाहीस? ती म्हणाली, "मावशी नको म्हणायच्या. म्हणायच्या, दार तिनं उघडायचं आहे, आपण ढकलायचं नाही. थांब, ती आपणहून बोलेल." आणि तू थांबलीस. तू, जिला दुकानातून आलेल्या साडीची घडी उघडेपर्यंत धीर निघत नव्हता. तू वाट बघतेयस हे मला कुणी सांगितलं असतं तर मी कदाचित आणखी एक वर्ष मिक्सर लावला असता. तुला तेही कळत असणार.

मी तिला बसवलं आणि सांगितलं. सगळं. आधी तुझी चूक दुरुस्त केली. म्हटलं, मला ठाऊक होतं, मी तुझ्या आईचा दंड बघितला होता. मग ते सांगितलं जे तुलाही सांगितलं नव्हतं. त्या बुधवारी दुपारी दोन वाजता माझी शाळेत मुलाखत होती, क्लार्कच्या जागेची. दादाशी वाद घातला असता तर घरमालक जमले असते, दुपार गेली असती. वहिनीने माझ्याकडे बघितलं तेव्हा मी ट्रंकेवरच्या घड्याळाकडे बघितलं होतं. ते दोघे गेले, मी साडी बदलली आणि वेळेवर पोचले. तीच नोकरी मी तीस वर्षं केली. रीत, आईची शिकवण, सवाष्ण, ही सगळी मी नंतर त्या घड्याळावर घातलेली पांघरुणं.

हे बाहेर ऐकत होते. आत आले नाहीत.

मला वाटलं अर्चना उठेल, बोलेल, शिव्या देईल. माझी तयारी होती. तिने विचारलं, "आई त्या दिवशी तुमच्याकडं काय जेवली?"

एकतीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. वकिलाने नाही, चॅनेलवाल्याने नाही, तू सुद्धा नाहीस. मी म्हटलं, कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, आणि कांदा फोडून दिला होता. आणि मग ती दाराला लावायची गोष्ट सांगितली. अर्चना आधी नुसती बघत राहिली. मग हसली. तिचा वरचा दात जरा पुढे आहे, हसताना दिसतो. वहिनीचाही दिसायचा, हे मी पार विसरून गेले होते. ती म्हणाली, आईबद्दल सगळे तिला बिचारी तरी म्हणत किंवा वाईट तरी. आई चेष्टा करायची हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

साडेचार झाले. ती उठली, पर्स घेतली. म्हणाली, पाचची अकलूज गाडी आहे, निघते. मी म्हटलं थांब, आणि आत गेले. हात आपोआप फडताळाकडे गेला. नारळ होता. तांदळाचा डबा होता. खण नव्हता, पण ब्लाउजपीस होतं. सवाष्ण माहेरपणाला आली, तिला रिकामी कशी पाठवणार. मी नारळ हातात घेतला आणि तशीच उभी राहिले. ओटी भरली की ती जाणार, हे मला कळत होतं. ओटी ही जाणाऱ्या बाईची असते, आणि ती नीट भरून पाठवणं मला फार चांगलं येतं.

मी नारळ डब्यावर परत ठेवला. मोकळ्या हाताने बाहेर आले आणि म्हटलं, "अर्चना, राहा इथं. चार दिवस राहा."

ती म्हणाली, उद्या सकाळी ड्युटी आहे. मी म्हटलं, मग आजचा दिवस राहा. ती माझ्याकडे बघत होती. या वेळी मी दुसरीकडे कुठे बघितलं नाही. तिने पर्स खुर्चीवर ठेवली, फोन काढला आणि घरी कळवलं की उद्या पहाटेच्या गाडीने येते. मग विचारलं, "कडक भाकरी येते का अजून तुम्हाला?"

म्हणून काल संध्याकाळी मी कंपाउंडपाशी आले होते, शैला. पिठल्याला कढीपत्ता हवा होता. दीड वर्षांनी तुझ्या झाडाची फांदी ओढली आणि सवयीने कान दिला. वाटलं, आता पलीकडून आवाज येईल, "बगितलंस? मी म्हनलं नव्हतं?" असं तू ओरडशील, सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मी उत्तरही तयार ठेवलं होतं. पावडरीवरून होतं, चांगलं झोंबणारं. पाच मिनिटं मी फांदी धरून उभी राहिले. तू काही बोलली नाहीस.